पाल्याचं नाव

कोल्हापूर,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय सोनम,
सप्रेम जयभीम.

तू पन्हाळ्याला माहेरी गेल्यापासून आपलं बोलणं नाही. फोन लावला तर लागत नाही, म्हणजे माझा नंबर तू बंद करून ठेवला असशील. त्याचा राग नाही. म्हणून आज कागद घेऊन बसले. तुझ्या आईंना आणि प्रसेनजीतदादांना माझा जयभीम सांग.

इकडचं कळवते. आईला गेल्या बुधवारी सूरजनं नेसरीला घरी नेलं. त्याआधी गडहिंग्लजला दोन दिवस, मग इथं कोल्हापुरात दवाखान्यात बावीस दिवस, आणि त्यानंतर माझ्या खोलीवर. मांडीचं कातडं काढून गुडघ्यावर लावलंय, ते धरलं. साखर अजून वरखाली होते. काठी टेकत दारापर्यंत येते आणि उंबऱ्यावर बसून राहते. शेजारची बायडाबाई दोन वेळची भाकरी करून देते.

माझी निवड झाली. आठ वर्षं तासिकेवर शिकवलं, आता १ एप्रिलला कायम प्राध्यापक म्हणून रुजू व्हायचं आहे. आमच्या विभागप्रमुख सुरेखा मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटले. आईला सांगितलं तेव्हा ती रडली. एवढंच.

आता ज्यासाठी लिहितेय ते. वकिलांनी पाठवलेला कागद तुला मिळाला असेल. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा आहे, त्यात तुझ्यावर कसलाही आरोप लिहिलेला नाही, मी स्वतः वाचून घेतलाय. तू सही केलीस तर विषय तिथंच मिटेल. नाही केलीस तर सूरज पोलिसांत जायचं म्हणतोय. लोक त्याच्या डोक्यात काय काय भरवतात तुला माहीत आहे. आदल्या दिवशी नळावर तुझं आणि आईचं तुझ्या कॉलेजात जाण्यावरून भांडण झालं, दुसऱ्या दिवशी तू तिच्या दुखऱ्या गुडघ्याला पाला बांधलास आणि सकाळी गुडघा भाजून निघाला. पाल्यानं कुठं कातडं जळतं का, हिनं उकळतं तेल ओतलं, असं अख्खी गल्ली म्हणते. गडहिंग्लजच्या डॉक्टरनंही कागदावर भाजल्याची जखम असंच लिहिलंय. अशी तक्रार झाली तर तू किती वर्षं तारखांना जाशील? तू पंचवीस वर्षांची आहेस. तुझं सगळं पुढं आहे.

मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय.

दुसरं काय लिहू. सध्या कॉलेजात वाळवलेल्या नमुन्यांचं कपाट लावतेय. माझ्या प्रबंधातली सगळी झाडं त्यात आहेत, मोरवेलीच्या कुळातली. तुझं लग्न झालं त्या वर्षी मसाईच्या पठारावर आपण दोघी गेलो होतो, ती निळवंती परवा हातात आली. तू तेव्हा गुडघ्यावर बसून म्हणाली होतीस, ‘अक्का, ह्या दोन येगळ्या हायत, हिच्या देठाला केस हायत बघा.’ मला चष्मा लावूनही ते दिसलं नव्हतं. कागदावर मी तुझं नाव लिहिलंय, गोळा करणाऱ्याच्या रकान्यात. त्याच कपाटात खालच्या कप्प्यात पिवळ्या फुलांची पाकिटं आहेत. तिथपर्यंत आले आणि कपाट बंद केलं. ते काम राहिलंय.

पाल्याचं म्हणशील, तर त्या दिवशी सगळ्यांसमोर मी जे सांगितलं तेच. तू फोटो पाठवलास तो पाला वेगळा होता आणि लावलास तो वेगळा असेल. चूक कुणाच्याही हातून होते. आता तो विषय वाढवू नये असं मला वाटतं.

सही करून कागद वकिलांच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
डॉ. रूपाली

•

पन्हाळा,
१४ मार्च २०२५

अक्का,
जयभीम.

पत्र मिळालं. आईला आणि दादाला वाचून दाखवलं नाही. दादा आधीच तापलाय. तो म्हणतो सही करायची नाही, काय व्हायचं ते होऊ दे कोर्टात. मी त्याला सांगितलं, मला विचार करू दे.

मी सही करीन. तुमच्या भावानं मला चार माणसांसमोर मारलं, त्याच्या घरी मला यायचं नाही असं मी रोज ठरवते. पण सही करायच्या आधी माझं एक काम करा.

पाला मी ओढ्यावरून आणला. बायडाबाईनं सांगितला म्हणून आणला. आत्ती म्हणाल्या, आधी माझ्या रूपाला विचार, ती शिकल्याली हाय. म्हणून तुम्हाला फोटो पाठवला. तुमचं उत्तर आलं ते मी आत्तींना वाचून दाखवलं. मग पाट्यावर वाटला आणि फडक्यात बांधला. दुसरा कुठलाही पाला त्या दिवशी घरात नव्हता. तुमचं उत्तर आता माझ्या फोनवर नाही, ‘हा मेसेज काढून टाकला आहे’ एवढंच आहे. ते कुणी काढलं हे मी कुणालाही बोलले नाही. बोलून उपयोग नव्हता.

वाटताना माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांना फोड आले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बघा, तेल उडालंय हिच्या हातावर. तुम्ही त्या दिवशी दारात माझा हात हातात घेऊन बघितला होता. मग सोडून दिला. तेल उडाल्यावर ठिपके पडतात अक्का, माझी तीन बोटं पेरापेरानं सोलली होती. तुम्हाला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही.

तुम्हाला एवढ्या झाडांची नावं येतात. त्या पाल्याचं नाव काय ते लिहून पाठवा. दुसरं काही नको. नाव आलं की मी सही करते.

सोनम

•

कोल्हापूर,
मंगळवार, २५ मार्च २०२५

प्रिय सोनम,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. पहिले चार दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचे. मुलींना वाटलं मला ताप आहे.

नाव आधी लिहिते. रॅनन्क्युलस स्केलेरॅटस. पहिल्या शब्दाचा अर्थ लहान बेडूक, कारण ही झाडं पाण्याच्या कडेला वाढतात. दुसऱ्याचा अर्थ दुष्ट. या सगळ्या गटाला इंग्रजीत बटरकप म्हणतात, जगात त्याच्या सहाशेच्या वर जाती आहेत. बहुतेक थंड मुलखातल्या. ही मात्र खालच्या ओढ्या-नाल्यांच्या चिखलातही येते. पानं कोथिंबिरीसारखी, देठ पोकळ, फूल पिवळं आणि बारीक, मध्ये हिरवी बोंडी. नेसरीत तिला कुणी वेगळं नाव ठेवलेलं नाही, बायडाबाई ओढ्यातली कोथिंबीर म्हणते. वाळली तर तिच्यात काही राहत नाही. ओली वाटली की तिच्या रसानं कातडीला फोड येतात, आणि जास्त वेळ ठेवली तर कातडी सोलून निघते. जुन्या काळी युरोपात भिकारी हा पाला अंगाला चोळून मुद्दाम जखमा करून घ्यायचे. हे मी पुस्तकात शोधून लिहीत नाही. माझ्याच प्रबंधाच्या एकशे बाराव्या पानावर आहे.

तू पाठवलेल्या फोटोतही तीच होती.

२८ जानेवारीला तुझा मेसेज आला तेव्हा मी मुलाखतीच्या खोलीबाहेर बसले होते. माझ्या आधी एकच जण उरला होता. फोटोत नुसती पानं होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्या तासाला सांगते, नुसत्या पानावरून नाव सांगायचं नाही, फूल बघा, फळ बघा. मी तुला एवढंही विचारलं नाही की फूल आहे का. गावातून रोज कुणी ना कुणी फोटो पाठवतं, मी बघून न बघून उत्तर देते आणि सगळे म्हणतात, गणपती मधाळ्याची पोरगी लई हुशार. मी लिहिलं, ‘हो. कोथिंबिरीच्या कुळातलं आहे. वाटून लावा, रात्रभर बांधून ठेवा.’ रात्रभर हे तू विचारलंही नव्हतंस. ते माझं. आईच्या पायाला साखरेमुळे फारसं जाणवत नाही हे मला माहीत होतं, तेही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईला गडहिंग्लजला बघून मी घरी आले, आणि घरात शिरायच्या आधी ओढ्यावर गेले. तिथं दोन्ही काठांना पिवळी फुलं होती. मी पाण्यात उभी राहिले आणि तिथंच मेसेज काढून टाकला. मग घरी आले. तुझा हात बघितला. कळलं मला. तू बरोबर लिहिलंस. सूरजनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘अक्का, पाल्यानं असं हुतंय काय?’ मी म्हणाले, ‘मला फोटो आला त्या पाल्यानं नाही होत.’ त्यानंतर त्यानं तुला मारलं. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते.

अजून एक आहे, ते लिहायला सगळ्यात जड जातंय. फेब्रुवारीत दवाखान्यात एकदा ड्रेसिंग बदलून नर्स गेली आणि आई हळूच म्हणाली, ‘सोनमनं तुझं आल्यालं वाचून दाखिवलं तवा मी ऐकलंय. मी कुणाला सांगायची न्हाय. तू बी बोलू नगंस. ती तरणी हाय, तिला दुसरं घर मिळंल. तुला असली नोकरी परत मिळायची न्हाय.’ मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला. तिला नको म्हणाले नाही. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, सोनम. नंतर मी तुला पहिलं पत्र लिहिलं, तुझ्या भल्यासाठी म्हणून.

आता गेल्या तीन दिवसांचं सांगते.

शनिवारी सकाळच्या गाडीनं नेसरीला गेले. वाटेत ओढ्यावर उतरून, हातमोजे घालून, तो पाला पिशवीत घेतला. सूरज पडवीत गाडी पुसत होता, आई उंबऱ्यावर. मी त्याला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. मी हो म्हणाले होते, मी मेसेज काढला, मी खोटं बोलले.

त्याला ते पटेना. तो म्हणाला, ‘तिच्या भावानं गाठलंय व्हय तुला? किती दिवस चाललंय हे?’

‘कुणी गाठलं नाही.’

‘मग आज का आठवलं? दोन म्हयनं कुठं हुतीस? आणि पाल्यानं कातडं जळतंय हे मी कसं मानू? डॉक्टर काय येडा हाय?’

यावर माझ्याकडं एकच उत्तर होतं. मी पाट्यावर पाला वाटला, डाव्या हाताला मनगटाच्या वर लावला आणि फडक्यानं घट्ट बांधला. घड्याळात सव्वादहा झाले होते. म्हणाले, ‘बस माझ्यासमोर. दुपारपर्यंत बघ.’

आई म्हणाली, ‘रूपा, काढ ते.’ मी काढलं नाही.

सूरज भिंतीला टेकून बसला. बायडाबाई भाकरी घेऊन आली, आमच्याकडं बघितलं आणि भाकरी ठेवून निघून गेली. अर्ध्या तासानं खाजायला लागलं, मग मिरची लागल्यासारखं आग आग. साडेअकराच्या सुमाराला माझ्या कपाळावर घाम आला. आईला गुडघा वाकवता येत नाही, तरी ती सरकत सरकत माझ्याजवळ आली आणि माझा हात ओढायला लागली. मी तिचा हात बाजूला केला. दोनदा केला. तिसऱ्यांदा ती सूरजकडं वळली.

‘सूरज, सोड की रं तिला, काढायला सांग. खरं हाय ते. हिनंच सांगितलं हुतं रातभर ठिवा म्हणून. मी ऐकलंय माझ्या कानानं.’

‘तू ऐकलंस?’

‘ऐकलं.’

‘आणि तू गप बसलीस?’

आईनं माझ्या हाताकडं बोट दाखवलं. सूरजनं उठून माझ्या हाताचं फडकं सोडलं. हात लाल झाला होता, कडेला दोन बारीक फोड धरले होते. तो बराच वेळ बघत राहिला. मग बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी मागनं गेले.

‘मी तिला चार माणसांत मारलं, अक्का.’

‘मारलंस.’

‘तू बघत हुतीस.’

‘बघत होते.’

एवढंच बोलणं झालं. दुपारी तो वकिलांकडं गेला आणि संमतीचे कागद मागं घ्यायला सांगून आला. ते कागद आता रद्द आहेत. सही करायची की नाही, हे आता आमच्याकडून कुणी विचारणार नाही. तुला वेगळं व्हायचं असेल तर ते तू तुझ्या अटींवर माग.

रविवारी सकाळी विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले. तुला मारलं तेव्हा जे होते त्यांतले बहुतेक तिथं होते. मी लिहून नेलेला कागद वाचला. पाल्याचं नाव, माझं उत्तर, मेसेज काढला ती वेळ, सगळं. आईनं ऐकलं होतं तेही, तिच्या परवानगीनं. तिला मी घरी विचारलं होतं, ती म्हणाली, ‘वाच. आता काय राहिलंय.’ वाचून झाल्यावर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बायडाबाई रडत म्हणाली, पाला मी दाखिवला, माझंच चुकलं. मी तिला म्हणाले, तू शिकलेली नाहीस, मी शिकलेली आहे. मागं आपल्या गल्लीतले बाळासो बसले होते. ते नेहमीसारखे मोठ्यानं म्हणाले, ‘ते समदं खरं असंल. पर त्या पोरीला गावासमोर मारल्यालं, ते कसं माघारी घेणार?’ मी हातातल्या कागदाची घडी घातली. लोक चपला घालून घरी गेले.

काल सोमवारी सुरेखा मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘रूपाली, घरातली गोष्ट आहे, ओळखण्यात चूक कुणाचीही होते, लेखी कशाला देतेस.’ चूक एवढंच असतं तर मीही दिलं नसतं. प्राचार्यांकडं कागद दिला. संस्थेच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. १ एप्रिलला मी रुजू होईन की नाही, मला माहीत नाही. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. कुणीतरी उलटसुलट सांगण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढंच.

सूरज पन्हाळ्याला यायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. तू बोलावल्याशिवाय त्यानं तुमच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. आईनं काही निरोप दिलेला नाही. मी निघताना एवढंच म्हणाली, ‘तिच्या बोटांचं काय झालं ते इचार.’ विचारायचा अधिकार आम्हाला नाही, पण ती बोलली ते तुला सांगितलं.

मी माफी मागत नाहीये. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आता कसलीच सक्ती नको. गणपती मधाळ्याची पोरगी हुशार आहे हे ऐकायची मला इतकी सवय झाली होती, की ते टिकावं म्हणून मी तुला घराबाहेर जाऊ दिलं. तुझं बीएस्सीचं आईनं नको म्हटलं तेव्हाही मी तुझी बाजू घेतली नव्हती. मला वाटायचं, घरात मी एक शिकलेली पुरे.

सोबत विहारात वाचलेल्या कागदाच्या दोन प्रती आहेत. दोन्हींवर माझी सही आहे, सूरजची आहे, आईचा अंगठा आहे. एक तू ठेव. दुसरी प्रसेनजीतदादांना दे. त्यांना पोलिसांत द्यायची असेल, वकिलाला द्यायची असेल, तर देऊ देत. मला बोलावलं तर मी येईन आणि जे लिहिलंय तेच सांगेन. हे पत्रही कुणालाही दाखव.

तुझ्या पत्रातला शब्द न् शब्द खरा होता, असं

लिहून देणार,
रूपाली गणपती मधाळे